पासच्या रांगेत न दिसणारी मुलं

नाना,

तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही गेल्यावर ते सुचलं असं नाही. बरीच वर्षं मनात होतं; पण तुम्ही धुळ्यात, मी जळगावात, आणि फोनवर आपण दोघंही हवापाण्याच्या गप्पांत रमणारी माणसं. मुद्द्याचं बोलणं आपण नेहमी प्रत्यक्ष भेटीसाठी ठेवून द्यायचो. आता पांझरेच्या काठावर तुमचा दशक्रिया विधी होऊन गेला. कावळ्याने लगेच पिंड घेतला. अक्का, इतकी वर्षं तुमच्याबरोबर संसार केलेल्या, पदर सावरत म्हणाल्या, "जिवंतपणी कोणाला ताटकळत ठेवलं नाही, आता काय ठेवतील." आजूबाजूला उभे असलेले तुमचे जुने विद्यार्थी, आता केस पिकायला लागलेले, त्या वाक्यावर हसले आणि मग एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

माझा प्रश्न असा: कोणत्या मुलाला कॉलेजात धरून ठेवायचं आणि कोणाला आयटीआयच्या दारापर्यंत सोबत करायची, हे तुम्ही कशावरून ठरवत होतात?

आत्ताच विचारण्याचं कारणही सांगते. माझ्या वर्गात पल्लवी नावाची मुलगी आहे. धरणगावकडच्या एका खेड्यातून येते, म्हणजे यायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षाचे विषय अजून मानेवर बसलेले आहेत. वडील जळगावात केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. त्यांचा डबा पोचवायला जाता जाता तिला तिथल्या यंत्रांचं वेड लागलं. आता तिला कॉलेज सोडून आयटीआयला फ्रिज-एसीच्या ट्रेडला जायचं आहे. प्रवेशाची शेवटची फेरी तोंडावर आली होती. ती हुकली तर वर्ष गेलं. आणि अशी मुलगी एक वर्ष घरी बसली, की पुढे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तिची आई माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, आम्हले काय समजस? तुम्ही सांगशात ते."

तुम्ही सांगशात ते. कॉलेजातला विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष माझ्याकडे आहे, दारावर माझं नाव आहे, तरी हे तीन शब्द ऐकले की मी टेबलावरचे कागद उगीच नीट लावायला लागते. तुमच्या समोर बसून किती आयांनी हेच म्हटलं असेल. तुम्ही काय उत्तर देत होतात?

आठवायला बसले की पहिल्यांदा एसटी स्टँड येतं. तुमची ती पद्धत मी आमच्या प्राचार्यांना सांगितली तेव्हा त्यांना ती गंमतच वाटली. हजेरीपटावर तुमचा भरवसा नव्हता. "वर्गात मुलगा महिनाभर आधीच मनाने गेलेला असतो, शरीर फक्त येत असतं," असं तुम्ही म्हणायचात. म्हणून महिना बदलला की तुम्ही स्टँडवरच्या पासच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहायचात. पारोळा, साक्री, शिरपूर, कुठकुठून येणारी पोरं तिथे सवलतीचा पास काढायला रांग लावायची. मागच्या महिन्यात रांगेत होता आणि या महिन्यात नाही, तो मुलगा तुमच्या दृष्टीने निघाला. तेव्हा तुम्ही त्याच्या गावच्या दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायचात, "काय रे, तुझा जोडीदार कुठे?" आणि तो जोडीदार खाली बघत म्हणायचा, "येईल सर." त्या 'येईल'वरून तुम्हाला सगळं कळायचं.

माझंही तसंच कळलं. पहिलं वर्ष, कापूस वेचायचे दिवस, मजूर मिळेनात. मी दिवाळीच्या सुट्टीआधीच जायचं बंद केलं होतं. वेचणी हे खरं कारण नव्हतंच, नाना; ते सांगायला सोपं कारण होतं. दहावीपर्यंत गावच्या शाळेत मराठीतून विज्ञान शिकलेली मी. बारावी कशीबशी पाठांतरावर निभावली. कॉलेजात आल्यावर फळ्यावरचं इंग्रजी वहीत जसंच्या तसं उतरवायचं आणि घरी येऊन ती वही उघडली, की दुसऱ्याच कोणाचं अक्षर वाचतोय असं वाटायचं. कापसाच्या बोंडात निदान काय वेचायचं ते तरी दिसतं.

मग त्या रविवारी तुम्ही आमच्या गावात आलात, मोटरसायकलवर, मागे केमिस्ट्रीचे नव्याने लागलेले सर. दोन परके पुरुष, इस्त्रीचे शर्ट, त्यातला एक पोक्त, एक तरुण, आणि दोघं पारावर थांबून आमचं घर विचारताहेत. आमच्याकडे याचा एकच अर्थ होतो. तुम्ही घरापर्यंत पोचायच्या आधी बातमी पोचली. मायने मला वावरातून बोलावून घेतलं, तोंड धुवायला लावलं आणि माझ्या चुलतबहिणीची साडी माझ्या अंगावर चढवली. मी बाहेर आले तर खाटेवर तुम्ही. मला वाटलं, सरांनीच माझ्यासाठी स्थळ आणलं. तुमचा इतका राग आला होता मला.

आप्पा त्या बिचाऱ्या केमिस्ट्रीच्या सरांसमोर बसले होते. "वावर शे का?"

"आहे थोडं. वडील करतात."

"भाऊ किती?"

"एक आहे. मोठा." सर प्रामाणिकपणे उत्तरं देत होते. त्यांना वाटलं, गावाकडे अशीच चौकशी करतात.

तुमच्या मात्र लक्षात आलं होतं, हे मला तुमच्या पोहे खाण्याच्या वेगावरून कळलं. तुम्ही ताटली संपवली, पाणी प्यालात आणि शांतपणे म्हणालात, "पाटील, मुलगी आम्हाला पसंत आहे."

मायने पदर तोंडाला लावला. मी जमिनीकडे बघत उभी.

"फक्त एक अट आहे. पदवी होईपर्यंत ती आमच्याकडे राहील. म्हणजे सकाळच्या गाडीने येईल आणि संध्याकाळच्या गाडीने परत. कॉलेजात."

आप्पांना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी केमिस्ट्रीच्या सरांकडे बोट केलं. "मंग हाऊ पोऱ्या कोना शे?"

"हा पोरांना केमिस्ट्री शिकवतो."

"आसं," आप्पा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तेले बी कोनी बघाले जावा मंग. चांगला शे."

त्या दिवशी तुम्ही शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही बोलला नाहीत. निघताना मायला एवढंच विचारलंत, की वेचणी कधी आटपेल. आणि मला, की कोणतं पान उघडलं की वही मिटावीशी वाटते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सोमवारी तुम्हाला प्रयोगशाळेत दिलं. तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे. वर्षभर रोज तास सुटल्यावर तुम्ही मला आधी मराठीत समजावायचात आणि मग तेच इंग्रजीत माझ्याकडून म्हणवून घ्यायचात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं. आज मी फिजिक्स शिकवते. मी शिकवताना तुमच्यासारखी खडू मोडते, असं अक्का म्हणतात, पण त्यांनी मला शिकवताना कधी पाहिलेलं नाही.

आता योगेश. तो माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला, सकाळच्या त्याच गाडीला लोंबकळणारा. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा आम्हा दोघांनाही एटीकेटी लागली, त्याच विषयांत. खरं तर त्याला माझ्यापेक्षा बरे मार्क होते. घरची परिस्थिती सारखी. दोघांचे वडील न शिकलेले. आणि तरी त्या पावसाळ्यात योगेश आयटीआयला फिटर झाला आणि मी दुसऱ्या वर्षाला बसले. मी बरीच वर्षं धरून चालले होते की तुम्ही आम्हाला निवडलंत: हिला इकडे, याला तिकडे. कशावरून, हा विचार करताना मी सगळं ताडून पाहिलं. मार्क? जुळत नाही. हुशारी? योगेश माझ्याआधी गणित सोडवायचा. मी मुलगी म्हणून? असेल कदाचित. पण मग तुम्ही कितीतरी मुलींनाही आयटीआयला पोचवलंत.

यावरून आपलं भांडण झालं होतं. तुमच्या देवपूरच्या घरी, ओट्यावर. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि नव्या नोकरीतल्या माणसाला सगळ्यांना सुधारायची घाई असते. आमच्या कॉलेजात गळती कशी थांबवायची यावर बैठक झाली होती. मी तुम्हाला सांगितलं, की ज्यांना तुम्ही आयटीआयला पाठवलंत तीसुद्धा सगळी गळतीच.

तुम्ही म्हणालात, "पोरगं वर्गातून गेलं हे कळतं गं सगळ्यांना. कुठे गेलं ते विचारा ना एकदा. बैठकीत ते कोणी विचारलं का?"

"नाही विचारलं. पण सर, तुम्ही आयटीआयला पाठवता ती नेहमी आमच्यासारख्याच घरची पोरं का? डॉक्टरचा मुलगा नापास झाला की तुम्ही त्याला शिकवणी सुचवता. आमचा झाला की पान्हा."

अक्का आतून म्हणाल्या, "आता द्या उत्तर. मला तर दोन वर्षांपासून हेच विचारायचं होतं."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"चहा माझ्या हातात आहे. मी कोणाच्याही बाजूने असू शकते."

तुम्ही चहा संपवलात, कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "याचं उत्तर मला अजून नाही सापडलेलं. सापडलं की फोन करतो." मला वाटलं, तुम्ही विषय टाळताय. पण तुम्ही टाळणारे नव्हतात. आणि फोनही आला नाही. त्यानंतर आपण शेकडो वेळा बोललो असू. अक्कांच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या मुलाच्या शाळेबद्दल, केळीच्या भावाबद्दल. ते उत्तर मात्र तसंच राहिलं.

म्हणून दशक्रियेच्या दिवशी, सगळे जेवायला बसले असताना, मी अक्कांना विचारलं. तुम्हाला राग येणार नाही हे माहीत होतं.

"अक्का, नाना कसं ठरवायचे?"

"ते कुठे ठरवायचे? घरी येऊन मला विचारायचे, अमक्याचं काय करू. मी म्हणायचे, मला काय माहीत, मी त्याला पाहिलेलं नाही. मग म्हणायचे, मी तरी कुठे पाहिलंय." असं म्हणून अक्का वाढायला उठल्या. जाता जाता थांबल्या. "योगेशला विचार. त्याच्याशी फार बोलायचे."

योगेश पंगतीत शेवटाला होता. आता तो जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात देखभाल विभागात आहे, कायम. आधीची कितीतरी वर्षं कंत्राटावर काढली. आम्ही जेवणानंतर नदीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. मी सरळच विचारलं, "योगेश, तुला नानांनी पाठवलं, मला ठेवलं. का?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. "मला एकट्याला कुठे नेलं होतं? आपल्या दोघांना नेलं होतं."

"मी तुझ्या सोबतीला आले होते."

"कोण म्हणालं?"

नाना, खरंच, कोण म्हणालं होतं? तुम्ही फक्त म्हणाला होतात, उद्या तास नाही, आयटीआय बघून येऊ. योगेशचं कॉलेजात लक्ष नाही हे सगळ्या गाडीला माहीत होतं, म्हणून मी समजून चालले की तो बघायला आणि मी सोबतीला. फिटरच्या वर्कशॉपमध्ये शिरलो तेव्हा तेलाचा वास आला. योगेश पहिल्याच टेबलाशी थांबला. मी पुढे गेले. एका यंत्रावर पांढरं दुधासारखं पाणी पडत होतं आणि मी तिथल्या शिकवणाऱ्या निदेशकांना विचारलं, की हे पाणी कशाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी चांगल्या आवाजात म्हणाले, "ताई, मुलींचा शिवणवर्ग पलीकडच्या इमारतीत आहे," आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. मी बाहेर येऊन कडुलिंबाखालच्या बाकावर बसले. मला वाईट वाटलं असंही नाही. मला ते बरोबरच वाटलं. मी तर सोबतीलाच आले होते ना.

"परत आल्यावर स्टँडवर त्यांनी दोघांना विचारलं होतं," योगेश म्हणाला. "उद्या परत यायचं का तिकडे, म्हणून. मी म्हणालो, हो. तू म्हणालीस, उद्या प्रॅक्टिकल आहे ना सर."

"आठवत नाही."

"मला आठवतं. कारण मला वाटलं, ही हुशार, हिला प्रॅक्टिकल आठवतं. आणि मला काहीच आठवत नव्हतं, फक्त लोखंड घासायची ती कानस कशी धरली होती त्या मुलाने तेवढं." तो जरा हसला. "बस्स, एवढंच होतं. त्यांनी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी परत नेलं, आणि तिसऱ्या दिवशी. मग दाखला काढायला आले बरोबर. मला पहिल्या महिन्यात पळून जावंसं वाटत होतं, माहीत आहे? हात सोलायचे. पण महिना बदलला, की ते पासच्या खिडकीपाशी उभे. आयटीआयवाल्यांची रांग वेगळी नसते ना. मी दिसलो नसतो तर घरी आले असते. माय म्हणाली असती, सर आले, पोहे करते."

मी विचारलं, "तू खूश आहेस?"

"असं विचारू नको. तू आहेस?"

मग त्याने ते सांगितलं, जे मी तेव्हापासून घेऊन फिरतेय. त्या दिवशी स्टँडवर गाडी लागली, मी जागा धरायला आत शिरले, आणि तुम्ही खाली योगेशजवळ उभे होतात. तुम्ही त्याला म्हणालात, "हिला परत न्यायला पाहिजे. दुसऱ्या माणसाकडून दाखवायला पाहिजे. आज तिने काही पाहिलंच नाही."

"मग नेलं होतं तुला?" योगेशने विचारलं.

नाही. तुम्ही मला परत नेलं नाहीत.

यात कसलीही तक्रार नाही, नाना, एवढं आधी समजून घ्या. माझं आयुष्य मला आवडतं. मला दुसरं काही व्हायचं होतं असंही नाही. पण मला कुतूहल आहे, आणि ते थांबत नाही. तुम्हाला कळलं होतं की मी काही पाहिलं नाही. तुम्हाला कळलं होतं की बाकावर बसलेल्या मुलीने 'प्रॅक्टिकल आहे' म्हणणं आणि टेबलाशी उभ्या मुलाने 'हो' म्हणणं या दोन सारख्या गोष्टी नाहीत. मग का नेलं नाहीत? विसरलात? का तोवर माझी गाडी रुळावर आली होती आणि चाललेल्या गाडीला कशाला हात लावा, असं वाटलं? का दुसरा तसा माणूसच त्या वर्कशॉपमध्ये नव्हता? ओट्यावर मी तुमच्यावर तो आरोप केला, आमच्यासारख्याच घरची पोरं का म्हणून, तेव्हा तुम्हाला हे आठवलं होतं का? दोन दारं दाखवून मुलाला विचारायचं, ही तुमची रीत. पण एका दारातून आधीच कोणी 'पलीकडे जा' म्हणून सांगितलेलं असलं तर? मला वाटतं, तुमच्याकडे नसलेलं उत्तर इथेच कुठेतरी होतं. चुकत असेन तर तसं सांगायला तुम्ही नाही आहात, याची मला अजून सवय झालेली नाही.

पल्लवीच्या आईला मी मग एवढंच म्हणाले, "आपण आधी बघून येऊ. तुम्हीसुद्धा चला."

"मी कसाले?"

"चला तर."

जायच्या आधी मी जळगावच्या आयटीआयमधल्या निदेशकांना भेटून आले होते. तरुण आहेत. मी विचारलं, मुलगी चालेल का. ते म्हणाले, "चालेल म्हणजे काय, मॅडम? एक आहे पहिल्यापासून. तिला सोबत मिळेल." मी त्यांना विनंती केली, की पल्लवीने जे विचारलं त्याचं उत्तर तिलाच द्या, मला नको. त्यांना हे जरा विचित्र वाटलं असणार.

बसमध्ये पल्लवीची आई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मनात काय आहे ते तिने लपवलं नाही. "बी.एस्सी. नाव लागनं की स्थळ बरं येस, मॅडम. फ्रिज दुरुस्त करनारी पोरले कोन करी?" पल्लवी खिडकीतून बाहेर बघत होती, ऐकत होती. मी आप्पांची आणि केमिस्ट्रीच्या सरांची गोष्ट सांगितली. ती बाई तोंडाला पदर लावून हसली आणि मग म्हणाली, "पन तुम्ही मॅडम झाल्यात ना." बरोबरच होतं ते.

वर्कशॉपमध्ये एक जुना फ्रिज पाठीमागून उघडा करून ठेवला होता. पल्लवी त्याच्यापाशी गेली आणि उकिडवी बसली. काही न विचारता बराच वेळ नळ्यांचा माग काढत राहिली, कुठून निघाली, कुठे गेली. मग निदेशकांना तिने जे विचारलं ते ऐकून मी चकित झाले: मागच्या जाळीला हात लावला तर ती गरम का लागते, आणि पप्पांच्या कोल्डमध्ये ती जाळी गच्चीवर का असते. हाच धडा मी वर्गात शिकवला आहे. त्या तासाला ती मागच्या बाकावर वहीत डोकं घालून फळा उतरवून घेत होती.

तिची आई दारात उभी होती. मीही दारातच होते. ती मला म्हणाली, "मंग? काय करू?"

"मी नाही सांगणार, ताई."

तिचा चेहरा बदलला. "मंग आम्हले आठे कसाले आनं? दिवसनी मजुरी बुडनी."

ती खरंच चिडली होती. तिचं चुकत नव्हतं. शिकलेल्या माणसाने सांगावं, आपण ऐकावं, आणि उद्या वाकडं झालं तर निदान सांगणारा होता असं म्हणता यावं, यातही एक आधार असतो. आणि मी तो काढून घेत होते. कॉलेजातून बाहेर पडलं तरी दार बंद होत नाही, एक वर्षाचं केलेलं वाया जात नाही, पुढे परत येऊन पदवी पुरी करता येते, हे मी तिला सांगितलं. फिटर, वायरमन म्हणून लागलेली मुलंही सुरुवातीची वर्षं कशी काढतात, हेही सांगितलं, योगेशचं नाव घेऊन. जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. फक्त 'हे करा' एवढं म्हणाले नाही. ते शब्द किती वेळा जिभेच्या टोकावर आले ते तुम्हालाच कळेल, नाना. मला ती कॉलेजात हवी होती. अजूनही हवी आहे.

आमचा आवाज वाढला म्हणून असेल, पल्लवी उठून आली. माझ्याशी ती नेहमी पुस्तकी मराठीत बोलते, जपून. आता माझ्याकडे न बघता, वर्कशॉपच्या आत बोट दाखवत आईला म्हणाली, "माय, मी आठेच येसू."

"एकली?"

"एक पोर शे. ती आनि मी."

"आनि लोके काय म्हनतीन?"

"फ्रिज बंद पडना की लोके कोनले बलावतीन ते देख."

आईने तिला एक फटका मारल्यासारखं केलं, हवेतच. दाखल्यासाठी कधी यायचं, हे तिने मला विचारलं तेव्हा तिचा राग पुरता गेलेला नव्हता, पण विचारलं.

त्यांना गावापर्यंत सोडायला मीही परतीच्या गाडीत बसले; तिने मला मध्यभागी बसवलं नाही, पल्लवीला बसवलं. मी दशक्रियेहून आलेय, आमचे सर, नाना, गेले, हे तिला माहीत होतं. थोड्या वेळाने पलीकडून वाकून तिने विचारलं, "तुमना नाना ऱ्हातात तं काय सांगतात?"

"माहीत नाही, ताई," मी म्हणाले. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

ती "हं" म्हणाली. एरंडोलकडून येणाऱ्या केळीच्या ट्रकांची रांग बाजूने गेली. मग तिने लेकीला कोपराने ढोसलं. "मंग त्या फ्रिजमा थंड कोठून येस?"

"थंड कोठूनच येस नही, माय. मझारनं गरम बाहेर जास."

"कोन ली जास?"

आतलं गरम बाहेर कोण नेतं, ते पल्लवी सांगायला लागली. नळीतून काय फिरतं, ते कुठे उकळतं, कुठे परत पातळ होतं, हातवारे करत, पुढच्या सीटच्या पाठीवर बोटाने नळ्या काढत. मध्येच अडायची, मग पुन्हा पहिल्यापासून. आई प्रत्येक वाक्याला "मंग?" म्हणत होती. ती सांगत होती त्यातलं निम्मं बरोबर होतं. मी मध्ये बोलले नाही.